गिम काकांच्या मुलाचं वय

आमच्या वॉरिंगल गावात गिम काकांचा फ्लॉवर सगळ्यांना हवा असायचा आणि गिम काका कुणालाच नको असायचे. वाणी टकवेल यांच्या कोटावर एक बिल्ला असे. त्यावर देशाचा नकाशा आणि नकाशाच्या मधोमध लिहिलेलं, 'गोरा ऑस्ट्रेलिया'. तो बिल्ला लावूनच ते दर मंगळवारी भाजीच्या गाडीपाशी यायचे, गड्डा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "गिम, तुझ्यासारखा माल कुणाकडे नाही रे."

"होय साहेब. माल आवडतो तुम्हाला," काका म्हणायचे.

पुढचं वाक्य ते गिळून टाकायचे. मला मात्र ते ऐकू यायचं, आणि मी घोड्याच्या आड तोंड दाबून हसायचे.

मी डल्सी. माझी आई इथलीच, गोरी, लोकांचे कपडे धुणारी. वडील चिनी. ते आणि लुई गिम, म्हणजे गिम काका, नदीकाठच्या भाजीच्या मळ्याचे भागीदार होते. कावडीने पाणी घालून घालून दोघांच्या खांद्यांना कातड्यासारखे घट्टे पडले होते. आमची झोपडी मळ्याच्या कुंपणाला लागूनच होती. तिसरीनंतर मी शाळेत गेले नाही, त्यामुळे जे काही शिकले ते त्या वाफ्यांमधून फिरतानाच शिकले.

गिम काकांची बायको मी पाहिलेली नाही. म्हणजे पाहिली असणार, पण मी तेव्हा मांडीवरची होते. आईने सांगितलं तेवढं मला माहीत. सहा महिन्यांच्या परवानगीवर ती आली. नाव सू-लान. लहानखुरी, चालताना पाय दुखायचे. आल्यावर पहिले पंधरा दिवस ती फक्त खिडकीतून बघत होती. मग एके दिवशी स्वतःहून आमच्या दारात आली आणि आईच्या पिळ्याचं दुसरं टोक धरून चादर पिळू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई म्हणायची, "बरंच झालं, भांडायची सोयच नव्हती."

सू-लानला दिवस गेले, म्हणून काकांनी अर्ज करून मुदत वाढवून घेतली. एकदा, मग आणखी एकदा. मुलगा झाला तो त्यांच्या नव्या वर्षाच्या तीन दिवस आधी. आपल्या हिशेबाने एकोणीसशे तेरा सालची फेब्रुवारीची तीन तारीख. बाळंतपण माझ्या आईनेच केलं. काकांनी दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीत जाऊन दाखला काढला. कारकुनाने विचारलं, इंग्रजी नाव काय लावू? काकांना सुचेना, तेव्हा कारकुनाने स्वतःच्याच मुलाचं नाव लावलं, आर्थर. घरात त्याला वा-मिंग म्हणत.

मे महिन्यात वरून हुकूम आला. बाईची मुदत संपली, आता वाढणार नाही. बाळ इथे जन्मलं, ते राहू शकतं, पण आईने निघायचं. तीन महिन्यांचं पोर राहणार कुणाच्या अंगावर? ती त्याला घेऊन गेली. जाण्याआधी जकात कचेरीत बाळाचा फोटो काढला आणि त्याचा पंजा शाईत बुडवून कागदावर उमटवला. बाळाने मूठ सोडली नाही. कागदावर एक काळा डाग पडला, तोच ठसा म्हणून लावला.

हा हुकूम ज्या कायद्याने आला तो एकोणीसशे एक सालचा, इथल्या वसाहती मिळून आमचा एक देश झाला त्याच वर्षीचा. पुढारी मंडळी पहिल्यांदा एकत्र बसली आणि सुरुवातीलाच त्यांनी हे काम हातात घेतलं, की हा देश गोऱ्यांचा राहिला पाहिजे. भाषणांमध्ये हे उघड बोलायचे. कायद्यात मात्र रंगाचा शब्द कुठेच नाही. कायद्यात आहे परीक्षा. बोटीवरून उतरणाऱ्याला अधिकारी युरोपातल्या कुठल्याही भाषेतले पन्नास शब्द वाचून दाखवणार आणि त्याने ते लिहून द्यायचे. भाषा कुठली, ते अधिकाऱ्याने ठरवायचं. समोरच्याला इंग्रजी येत असेल तर जर्मन काढायची, जर्मन येत असेल तर आणखी काहीतरी. गोऱ्या माणसाला ही परीक्षा विचारायचीच नाही. नापास करण्यासाठीच काढलेली अशी दुसरी शाळा माझ्या ऐकिवात नाही.

आधीपासून इथे राहणाऱ्या चिनी माणसाला गावी जाऊन यायचं असेल, तर त्याने परीक्षेतून माफीचा दाखला काढायचा. समोरून फोटो, बाजूने फोटो, पंजाचा ठसा. मुदत तीन वर्षं. माझी आजी तिकडे अंथरुणाला खिळली म्हणून माझे वडील असा दाखला घेऊन गेले. आजी लवकर गेली नाही. ते परत आले तेव्हा तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. मला नवा फ्रॉक घालून आई धक्क्यावर घेऊन गेली. आम्ही दिवसभर उभ्या राहिलो. ते उतरलेच नाहीत, त्याच बोटीने त्यांना परत पाठवलं. मी सहा वर्षांची होते. पुढे दोन वर्षांनी ते तिकडे वारल्याचं कळलं.

गिम काका गावी का गेले नाहीत ते त्यामुळे कुणी विचारायची गरज नव्हती. तरी टकवेल एकदा म्हणालेच, "बायको-पोर तिकडे आणि तू इथे. जात का नाहीस?"

काका म्हणाले, "मी गेलो आणि दार लागलं, तर मुलगा येईल तेव्हा त्याला उतरवून घ्यायला कोण असेल? तो इथला आहे. त्याच्याकडे कागद आहे."

मी अकरा वर्षांची असताना आई गेली. मी गावातल्या हॉटेलात भांडी घासायला लागले, पण जेवायला मळ्यातच. काका भात, खारवलेली मासळी आणि पाल्याची भाजी करायचे. मी आल्याशिवाय जेवायचे नाहीत आणि मी आले की म्हणायचे, "आलीस? मला वाटलं हॉटेलवाल्यांनी तुझीच भाजी केली."

त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी ते तीन वाट्या मांडायचे. एक त्यांची, एक माझी, तिसरी वा-मिंगची. तिसऱ्या वाटीत भात घालताना म्हणायचे, "आज तो बारा वर्षांचा झाला." पुढच्या वर्षी, "आज तेरा." मी कधी हिशेब केला नाही. माझ्या डोक्यात वाढदिवस म्हणजे ज्याचा त्याचा, वर्षाच्या मधेच कधीतरी येणारा. त्यांच्याकडे नव्या वर्षाला सगळं गावच्या गाव एकदम एका वर्षाने मोठं होतं. आणि मूल जन्मतं तेच एक वर्षाचं म्हणून, पोटातले दिवस धरून. वा-मिंग जन्मला तेव्हा एक वर्षाचा होता आणि तीन दिवसांनी नवं वर्ष लागलं तेव्हा दोन वर्षांचा झाला. हे सगळं मला नंतर कळलं.

एकोणीसशे तीस सालच्या मार्च महिन्यात पत्र आलं. सू-लानने लिहवून घेतलं होतं. वा-मिंग शिकून झालाय, आता बापाजवळ यायचं म्हणतो, एप्रिलच्या बोटीने निघतो. काकांनी ते पत्र मला चार वेळा वाचून दाखवलं, आणि मला चिनी वाचता येत नाही म्हणून चारही वेळा थोडं वेगळं सांगितलं. मग खोलीत दुसरी बाज ठोकली. मी म्हटलं, "काका, बाज फारच लांब झालीये. माणूस झोपणार आहे की घोडा?"

"माझ्या बापाची उंची होती. नातवात आली असली तर?"

मेलबर्नला जायला अर्धा दिवस गाडीचा प्रवास. माझं इंग्रजी घरचं, आईकडचं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. आम्ही लिटल बर्क स्ट्रीटवर कोंग शेठच्या दुकानाच्या माडीवर उतरलो. कोंग शेठ सुका माल आणि औषधं विकायचे आणि बोटीचा, कचेरीचा कुणाचाही घोळ सोडवायला जायचे. सोनेरी दातांचे, बोलघेवडे.

बोट आली. गोरे उतारू सामान घेऊन हसत-रडत उतरले. बाकीच्यांना बोटीवरच थांबवलं. अधिकारी पेनरोज म्हणून होते, पातळ केसांचे, आवाजाने मऊ. त्यांनी आधी बोटीवर जाऊन मुलाला विचारलं, मग धक्क्यावरच्या कचेरीत काकांना बोलावलं. मीही आत जाऊन भिंतीपाशी उभी राहिले, कुणी हटकलं नाही.

"बायकोचं नाव?"

"सू-लान."

"मूल जन्मलं ते घर कुठे?"

"नदीकाठी, मळ्यात. दार पूर्वेला. अजून तिथेच राहतो."

"मुलाचं वय?"

"एकोणीस," काका म्हणाले. जरासुद्धा थांबले नाहीत. एवढ्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

पेनरोज साहेबांनी दाखला पुढे सरकवला. "यावर एकोणीसशे तेरा आहे. म्हणजे सतरा. गंमत अशी, की बोटीवरचा पोरगाही मला एकोणीसच म्हणाला. तेव्हा मला वाटतं, एकोणीस वर्षांचा कुणीतरी सतरा वर्षांच्या पोराचा कागद घेऊन आलाय आणि तुम्ही दोघांनी पाठांतर केलंय. ठसा पाहिला मी. हा काय ठसा आहे? शाईचा डाग आहे." मग फाइल मिटून म्हणाले, "परवा दहाला या. बोट तेरवा निघेल."

काका बाहेर आले ते गोंधळून. "एकोणीसच आहे ना तो? मी वाटी मांडत आलोय."

कोंग शेठनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अहो, ही तर आपली बाजू आहे! चोराने कागद आणला असता तर कागदावर आहे तेच बोलला असता, सतरा. तुमचा पोरगा खरा आहे म्हणूनच चुकला. आपण सगळे असंच चुकतो. मी पंचांग आणतो, पाद्रीबाबांना आणतो. चीनमध्ये वीस वर्षं काढलेला गोरा पाद्री आहे, तो शपथेवर सांगेल वय कसं धरतात ते. गेल्या साली अशीच एक केस सुटली." मग बोट उगारून म्हणाले, "फक्त मी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कळलं, गिमभाऊ? आणि तू गं, हॉटेलवाल्या बाई? तूसुद्धा."

"मी कशाला बोलतेय," मी म्हटलं.

आता पुढचं. हेच लिहायला मी बसले आहे.

मला कोंग शेठचं म्हणणं पटलं नव्हतं. पंचांग, पाद्री, पोटातले दिवस, हे सगळं पेनरोजसारख्या माणसासमोर मांडायचं म्हणजे त्याला हसायला निमित्त द्यायचं, असं मला वाटत होतं. गोऱ्या लोकांना मी ओळखते अशी माझी समजूत होती. त्यांच्यातच अर्धी मी, त्यांची उष्टी भांडी रोज माझ्या हातात. आणि मला ठाऊक होतं, की ही माणसं कागद मानतात. माझे वडील कशाने परत गेले? आजीच्या आजाराचं कुणी ऐकलं का? दोन महिने जास्त झाले, संपलं. कागदावर जे आहे ते बोलावं, माणसाने मधे स्वतःचं काही घालू नये, एवढं मी सहा वर्षांची असतानाच शिकले होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळी लवकर धक्क्यावर गेलो. काकांना बोट दिसेल असं बसायचं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, सतरा म्हणा ना. कागदावर तेच आहे. त्यांच्या हिशेबाने तो खरंच सतराच आहे, खोटं नाही होणार."

"कोंग म्हणाला बोलू नको."

"कोंग शेठना दुकान चालवता येतं. साहेब नाही चालवता येत."

नऊ वाजता शिपाई आला आणि म्हणाला, साहेबांना दुसरं काम निघालंय, आत्ताच या. कोंग शेठचा पत्ता नव्हता. मी रस्त्याच्या टोकापर्यंत पळत जाऊन बघून आले. आत गेलो.

पेनरोज साहेब त्या दिवशी चांगले वागले, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी काकांना खुर्ची दिली. म्हणाले, "हे बघा म्हातारेबुवा, इतक्या वर्षांत माणूस विसरतो. माझ्याच मुलींची वयं मला बायकोला विचारावी लागतात. नीट आठवून सांगा. मुलगा किती वर्षांचा?"

मला वाटलं, दार किलकिलं केलंय त्यांनी. आपण नुसतं आत शिरायचं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, म्हणा.

"सतरा," काका म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की साहेबांनी पुन्हा विचारलं आणि त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं, दुभाष्याला घेतलं आणि बोटीवर गेले. अर्ध्या तासाने परत आले. "मी त्या पोराला सांगितलं, तुझा बाप सतरा म्हणतो. चल, तूही आठवून बघ. तर तो म्हणतो एकोणीसच. ओरडूनच म्हणाला. आता बाप एक सांगतोय, मुलगा दुसरंच." त्यांचा आवाज मऊच होता. "तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे ना? मग हा तुमचा मुलगा नाही."

तेवढ्यात कोंग शेठ आले, घामाघूम, काखेत पंचांग, मागे पाद्रीबाबा. पाद्रीबाबांनी शांतपणे सगळं समजावलं, अगदी तारखेवर बोट ठेवून. पेनरोज साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही म्हणता ते मला पटतंय. परवाच्या उत्तरावर मी याला कदाचित उतरवलंही असतं. पण आज बापानेच स्वतः सतरा सांगितलंय. यांच्यात वय असं धरतात, तर बाप सतरा का म्हणाला?"

कोंग शेठ काकांकडे वळले. काका जमिनीकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर कोंग शेठना कळलं असतं.

मी पुढे झाले. "साहेब, मी सांगितलं त्यांना. माझी चूक आहे. ते बिचारे..."

"म्हणजे शिकवलंच होतं तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

दुपारी मुलाची परीक्षा झाली. पन्नास शब्द वाचून दाखवले. कुठल्या भाषेत होते ते आम्हाला आजतागायत कळलं नाही. पोराने म्हणे कागद कोरा दिला, फक्त खाली आपलं नाव लिहिलं, आधी चिनीत आणि मग इंग्रजीत, आर्थर.

दुसऱ्या दिवशी बोट निघाली. काकांनी गावाहून आणलेले दोन फ्लॉवर आणि मुळ्यांची जुडी एका खलाशाला देऊन वर पाठवली होती. ती पोचली की खलाशांनीच शिजवून खाल्ली, देव जाणे. बोटीच्या मागच्या अंगाला कठड्याशी सातआठ चिनी पोरं उभी होती. सगळी काळ्या कोटातली. काका एकेका तोंडाकडे बघत होते.

"डल्सी, तुझी नजर चांगली आहे. कुठला गं?"

मी बघितलं. मला काय सांगता येणार? "तो उंच असेल," मी म्हटलं, "डावीकडचा."

काकांनी त्या उंच मुलाकडे बघून हॅट काढली. त्याने हात हलवला. मग शेजारच्यानेही हलवला, आणि मग जवळजवळ सगळ्यांनीच. कुणाला कुणीतरी निरोप देतंय एवढं त्यांना पुरलं. एकाने मात्र हात हलवला नाही. तो कठड्यावर कोपरं टेकून धक्क्याकडे नुसता बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून जसाच्या तसा आठवतो. पण तो तोच होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी भात टाकला.

सप्टेंबरात वा-मिंगचं पत्र आलं. काका ते वाचून बराच वेळ पायरीवर बसून होते. मी विचारल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं, आणि या वेळी एकदाच. 'तीर्थरूप बाबांस. आईने मला लहानपणापासून सांगितलं, तुझा बाप दर नव्या वर्षाला तुझी वाटी मांडतो. म्हणून मी आलो. गोऱ्या साहेबाने सांगितलं की बाप सतरा म्हणतो. मला आधी वाटलं तो खोटं बोलतोय. पण दुभाष्याने शपथ घेऊन सांगितलं की तुम्हीच म्हणालात. बाबा, तुम्हाला माझं वय ठाऊक नव्हतं, की तुम्हाला मी नको होतो? आईला मी यातलं पहिलंच कारण सांगितलंय.'

मी म्हटलं, "काका, त्याला लिहा. आत्ताच लिहा, की डल्सीने सांगितलं म्हणून बोललो. माझं नाव घाला."

"नको."

"का नको? माझंच केलेलं आहे ते."

"तुझं नाव लिहिलं तर तो विचारेल, ही डल्सी कोण." ते सावकाश बोलत होते, चूल पेटवताना बोलतात तसे, तिकडेच बघत. "मग काय लिहू? लिहू, की मळ्यात एक मुलगी आहे? ती लहान असल्यापासून माझ्याजवळ जेवते? तुझ्याशेजारी तिचीही वाटी असते? त्याला सतरा, एकोणीस, जितकी काय असतील तितकी वर्षं बाप नव्हता, पोरी. आणि त्याचा बाप इथे दुसऱ्याच्या मुलीला भात वाढत होता, हे त्याला कळवू?"

मी म्हटलं, "मग तो जन्मभर असंच समजणार, की तुम्ही विसरलात."

"विसराळू बाप असतात जगात. पोरं त्यांना माफ करतात."

त्यांनी उत्तर लिहिलं. दोन संध्याकाळी लागल्या. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, कोंग शेठ म्हातारे झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, कारण काकांनी पत्र उघडंच त्यांच्याकडे पाठवलं होतं आणि पाकिटावर पत्ता त्यांनीच घातला होता. पत्रात लिहिलं होतं: साहेबाने एकदम विचारलं, बाप घाबरला आणि हिशेब चुकला. चूक बापाची.

त्यानंतर वा-मिंगची पत्रं यायची, वर्षातून एक, दोन ओळींची. पैसे मिळाले. आई बरी आहे. मग त्याचं लग्न झाल्याचं. मग तिकडे जपानी आले आणि पत्रं थांबली. काकांनी वाटी मांडायची सोडली नाही, पण किती वर्षांचा झाला ते मोठ्याने म्हणायचं सोडलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी नव्या वर्षाला मी एकटीच जायचे त्यांच्याकडे. नवरा म्हणायचा, चल मीही येतो. मी म्हणायचे, राहू दे.

बेचाळीस साली हिवाळ्यात काका गेले. कावड खांद्यावर होती आणि दोन्ही डबे भरलेले. टकवेल वाणी अंत्ययात्रेला आले होते. बिल्ला नव्हता कोटावर. लढाईत त्यांचा मुलगा पडला होता आणि त्यांना काही सुचत नव्हतं, म्हणून नसेल. मला म्हणाले, "तशी भाजी पुन्हा नाही मिळणार." मी हो म्हटलं. काय म्हणणार?

तो कायदा पुढे गेला. एकदम नाही गेला, थोडा थोडा गेला. माझ्या नातीच्या वर्गात आज निम्मी मुलं बाहेरून आलेली आहेत. ती त्यांना घरी आणते आणि मी त्यांना खायला घालते. मी सू-लानच्या गावाच्या नावाने तीनदा पत्र पाठवलं, कोंग शेठच्या नातवाकडून लिहवून. दोन परत आली, एक परत आलं नाही. त्या एकाचीच मी वाट बघते.

वा-मिंग असेल तर आता चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल. त्याच्या हिशेबाने शहात्तर. काकांनी माझं नाव घालायचं नाही म्हटलं होतं, आणि त्यांच्या माघारी मी त्यांचा शब्द मोडतेय. मोडू दे. तो रागावला तर माझ्यावर रागावेल, आणि ते बरोबरच होईल. त्याला कुणी भेटलं तर एवढं सांगा, की पहिल्या दिवशी साहेबाने विचारलं तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं, आणि तेव्हा तुझा बाप जरासुद्धा न थांबता एकोणीस म्हणाला होता. मी भिंतीपाशी उभी होते. मी ऐकलंय.